चालत्या यंत्रात पाना: एक इंग्रजी वाक्प्रचार नीट शिकण्याची रीत

ब्रिटनमधल्या नोकरीचा माझा दुसरा आठवडा होता. बैठकीचं टिपण लिहायचं काम नव्या माणसाकडे देतात, तसं ते माझ्याकडे आलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमची मॅनेजर म्हणाली, "सॉरी टु थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स, बट द क्लायंट हॅज मूव्ह्ड द डेट." मी इमानेइतबारे लिहून घेतलं: 'वर्क्सवर स्पॅनरचा प्रश्न. जबाबदारी कोणाची ते ठरायचं आहे.' हे टिपण बारा जणांना गेलं. दुपारपर्यंत तिघांनी येऊन अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, स्पॅनर मिळाला का?

गंमत अशी, की त्या टेबलाभोवती पाना म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भोसरीत बाबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, सुट्टीत पाने पुसून फळीवर क्रमाने लावायचं काम माझं. त्या वाक्यातला एकेक शब्द मला येत होता आणि वाक्य मात्र कळलं नव्हतं.

ठरलेला बेत अडखळला की ब्रिटनमध्ये हा वाक्प्रचार हटकून कानावर येतो. नुकतेच तिकडे गेलेल्यांसाठी, आणि पुण्या-मुंबईत बसून तिकडच्या लोकांशी रोज कॉलवर बोलणाऱ्यांसाठी, तो कसा शिकावा ते इथे लिहितो. 'रोजच्या वापरातले पन्नास इडियम' छापाच्या पीडीएफ मीही डाउनलोड केल्या होत्या. त्यातला एकही ऐनवेळी तोंडात आला नाही. म्हणून इथे एकच.

पायरी १: आधी चित्र बघा, अर्थ नंतर

स्पॅनर म्हणजे आपला पाना. नटबोल्ट आवळायचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा. इथवर अडचण नाही. अडचण 'वर्क्स'ची आहे. आपल्याकडे एमआयडीसीच्या प्रत्येक गल्लीत 'अमुक-तमुक इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी असते, त्यामुळे आपल्या डोक्यात वर्क्स म्हणजे कारखाना. इंग्रजीत तोही अर्थ आहेच. पण या वाक्प्रचारात वर्क्स म्हणजे यंत्राच्या पोटातली हलणारी रचना. जुन्या चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर जी दातेरी चक्रं एकमेकांत गुंतून फिरताना दिसतात, ती.

आता डोळ्यांसमोर आणा. चक्रं फिरताहेत, दात्यात दाता बसतोय, आणि वरून एक लोखंडी पाना आत पडतो. खाडकन आवाज. सगळं जागच्या जागी अडकतं.

ज्याने लेथ पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता: चकमधली (लेथवर कामाचा तुकडा घट्ट धरून फिरणाऱ्या भागातली) चावी काढून हातात घेतल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. विसरलेली चावी फिरत्या चकमधून गोळीसारखी सुटते. बाबा एरवी फारसं ओरडत नसत, पण ही चूक झाली की पोराला दिवसभर झाडूच हातात मिळायचा.

चित्रातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडेल. पाना पडला म्हणजे यंत्र भंगारात गेलं असं नाही. ते अडकलंय. पाना काढता येतो, दाते तपासता येतात, थोडा वेळ जातो, खर्च होतो, आणि बहुधा यंत्र पुन्हा सुरू होतं.

जाता जाता थोडा इतिहास. पी. जी. वुडहाउस यांच्या १९३४ सालच्या कादंबरीत हा प्रयोग छापलेला सापडतो. अमेरिकेत 'मंकी रेंच' (तिकडचा एक पानाच) घेऊन हीच कल्पना त्याआधीपासून फिरत होती. कामगारांनी चिडून लाकडी बूट यंत्रात फेकले आणि त्यावरून 'सॅबोटाज' शब्द आला, ही गोष्टही तुम्हाला कुणीतरी याच ओघात ऐकवेल. लाकडी बुटाचा फ्रेंच शब्द 'साबो' त्या शब्दात आहे हे खरं. बूट यंत्रात फेकल्याच्या गोष्टीला मात्र पुरावा नाही. ऐकून घ्या, पुढे सांगत बसू नका.

पायरी २: मराठी तराजूत तोला

नवीन वाक्प्रचार भेटला की आपण लगेच त्याला मराठी जोडीदार शोधतो. शोधावाच, पण दोघं कुठे जुळत नाहीत हेही बघावं. शिकण्याचा खरा भाग तिथे असतो.

सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे 'मोडता घालणे'. 'खोडा घालणे' त्याचाच भाऊ. पण आपल्या मोडत्यामागे सहसा माणूस असतो आणि त्याचा हेतूही असतो. काकांनी जमलेल्या लग्नात मोडता घातला म्हटलं, की काकांच्या मनात काहीतरी होतं हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. इंग्रजी पान्याला हेतू लागत नाही. संप, पाऊस, तापलेलं मूल, बंद पडलेला सर्व्हर, कुणीही तो फेकू शकतं. फेकायला हात असावे लागतात, हा आपला हट्ट इथे सोडायचा. जाणूनबुजून केलेल्या आडकाठीसाठी इंग्रजीत चाकात आरा घालण्याचा एक जुना वाक्प्रचार आहे, 'पुट अ स्पोक इन समवन्स व्हील'. आपल्या काकांना तो जास्त शोभेल.

'कुठेतरी माशी शिंकली' हाही आठवेल. पण माशी शिंकते तेव्हा कारण कुणालाच माहीत नसतं, त्या वाक्याची मजाच ती. पान्याचं उलट आहे. पाना म्हटला की तो कशामुळे पडला ते सांगावं लागतं. कारण ठाऊक नसेल तर हा वाक्प्रचार बाजूला ठेवा.

'मिठाचा खडा पडला' आणि 'विरजण पडलं' यांचा संबंध आनंदाशी आणि उत्साहाशी आहे. पान्याचा संबंध व्यवस्थेशी: वेळापत्रक, क्रम, कुणी काय कधी करायचं याची घडी. वाढदिवसाच्या जेवणात दोघं भांडले तर तो मिठाचा खडा. जेवणाचा हॉल ऐनवेळी दुसऱ्याच कुणाला दिला गेला तर तो पाना.

आणि सगळ्यात जास्त गफलत होते ती 'बारगळणे'शी. बेत बारगळला, फिसकटला म्हणजे संपला. त्यासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत: बोलणी फिसकटली तर 'फेल थ्रू' (हा 'फेल' म्हणजे नापास नव्हे, 'फॉल'चा भूतकाळ), ठरवून रद्द केलं तर 'कॉल्ड ऑफ'. पाना त्याच्या आधीची अवस्था सांगतो, यंत्र अडकल्याची.

उदाहरण घेऊ. २१ मार्च २०२५ रोजी लंडनचा हिथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद होता. आदल्या रात्री जवळच्या वीज उपकेंद्राला आग लागली होती. समजा, त्या दिवशी मुंबईहून तुमचे आईवडील तिथे उतरणार होते. त्यांचं विमान रद्द झालं, त्याला 'कॅन्सल्ड' म्हणायचं. पण तुम्ही घेतलेली सुट्टी, शनिवारचं लेक डिस्ट्रिक्टचं बुकिंग, शेजाऱ्यांना दिलेलं जेवणाचं आमंत्रण, ही सगळी घडी विस्कटली. ती सांगताना म्हणायचं: "द फायर ॲट हिथ्रो थ्रू अ स्पॅनर इन द वर्क्स." आईवडील दोन दिवसांनी आले, जेवण झालं. यंत्र पुन्हा चालू.

पायरी ३: साचा पाठ करा, पण कान उघडे ठेवून

साचा साधा आहे. सुरुवातीला अडथळा आणणारी गोष्ट, मग 'थ्रो'चं योग्य रूप, मग 'अ स्पॅनर', शेवटी 'इन द वर्क्स'. 'इन'च्या जागी 'इंटू' चालतं. 'थ्रो'च्या जागी 'पुट'ही ऐकू येईल.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला, राखेचा ढग युरोपवर आला आणि ब्रिटनचं आकाश जवळजवळ सहा दिवस विमानांना बंद राहिलं. "दि ॲश क्लाउड थ्रू अ स्पॅनर इन द वर्क्स." मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं सुमारे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस तसंच रुतून राहिलं. इथे तर चित्र आणि अर्थ एकच होतात. जगाच्या व्यापाराच्या दातेरी चक्रात पडलेला चारशे मीटरचा पाना!

आता खाचखळगे. पहिला कानाचा आहे आणि तो आपल्याला फार छळतो. 'थ्रो'चा भूतकाळ 'थ्रू'. आणि 'फेल थ्रू'मधला 'थ्रू', म्हणजे आरपार, त्याचा उच्चारही हुबेहूब तोच. स्पेलिंग वेगळं, आवाज एक. म्हणून बेत मोडण्याच्या गप्पांत 'थ्रू' ऐकू आला की पुढचा शब्द पकडा. पुढे स्पॅनर आला तर यंत्र अडकलंय. मागे 'फेल' होता आणि पुढे काहीच नाही, तर बेत संपलाय. 'थ्रोड' असं रूप इंग्रजीत नाही. घाईत ते तोंडातून निसटतं, माझ्या निसटलंय. 'हॅज'नंतर 'थ्रोन' येतं.

दुसरा खाचखळगाही कानाचाच. ब्रिटनच्या बऱ्याच भागांत 'वर्क्स'मधला र उच्चारत नाहीत. लांबवलेला 'वऽक्स' ऐकू येतो. याउलट 'स्पॅनर'मधला र एरवी गिळलेला असतो, पण पुढे 'इन' आलं की तो जागा होतो आणि दोन शब्द चिकटतात: 'स्पॅनरिन द वऽक्स'. मी पहिल्यांदा चुकलो तेव्हा निदान शब्द ऐकू आले होते, कारण मॅनेजर सावकाश बोलायची. दुसरा एक सहकारी हेच इतकं भरभर म्हणायचा की महिनाभर मला ते कुणाचं तरी आडनाव वाटत होतं.

तिसरा: 'वर्क्स'चा स सोडू नका. 'इन द वर्क' म्हटलं की चित्रच पुसलं जातं. 'माय वर्क्स', 'अवर वर्क्स' असंही करू नका, 'द'च हवा. आणि 'इन द वर्क्स' गाळून नुसतं 'स्पॅनर'वर थांबू नका. ब्रिटिश बोलीत माणसाला स्पॅनर म्हणणं म्हणजे त्याला बावळट म्हणणं. शिवी म्हणून सौम्य आहे, मित्रामित्रांत चालते, पण साहेबाबद्दल अर्धवट वाक्य बोलताना ते लक्षात असावं.

शब्दांची ही जोडी किती पक्की बसली आहे याची एक खूण सांगतो. जॉन लेननच्या १९६५ सालच्या पुस्तकाचं नाव होतं 'अ स्पॅनियर्ड इन द वर्क्स'. पान्याच्या जागी स्पॅनिश माणूस. मूळ वाक्य वाचकाच्या कानात आधीच आहे, या भरवशावरच तो विनोद उभा आहे. अशी मोडतोड त्यांनी करावी. आपण निदान वर्षभर तरी शब्द जसेच्या तसे ठेवावेत.

पायरी ४: 'सॉरी' लावून वापरा

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची पायरी हीच.

हा वाक्प्रचार कामाच्या ठिकाणी जितका बातमीसाठी येतो, तितकाच परवानगी मागण्यासाठीही. सगळे एका निर्णयावर येताहेत, आणि तुम्हाला एक अडचण दिसली आहे जी कुणाच्याच लक्षात आलेली नाही. आपल्याकडे अशा वेळी माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर थेट "हे जमणार नाही" म्हणतो. ब्रिटिश टेबलावर पहिल्याने तुमचं नुकसान होतं आणि दुसऱ्याने टेबलाभोवती शांतता पसरते. मधली वाट अशी:

"सॉरी टु थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स, बट..."

या चालीत तुम्ही पाना स्वतःच्या हातात घेता. चूक त्यांच्या योजनेची आहे असं म्हणत नाही. तुमचं यंत्र छान चाललं होतं, मीच मेला मध्ये कडमडलो, असा सूर. ऐकणाऱ्याला राग यायला जागाच राहत नाही.

पुण्यातल्या एका टीमचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लंडनच्या क्लायंटने नवी प्रणाली सुरू करायचा दिवस ठरवला आणि तो नेमका अनंत चतुर्दशीचा निघाला. आता विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या आसपास राहणारा माणूस ऑफिसला पोहोचणार कसा, हे लंडनला कुठून कळणार? टीममधली मुलगी म्हणते: "सॉरी टु थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स, बट हाफ द सिटी इज क्लोज्ड दॅट डे. कुड वुई डू द डे आफ्टर टुमॉरो इन्स्टेड?"

थांबा, या वाक्यात एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे. 'डे आफ्टर टुमॉरो' म्हणजे उद्यानंतरचा दिवस, परवा. तिला म्हणायचंय त्या दिवसानंतर दोन दिवसांनी. मग हवं "टू डेज लेटर". वाक्प्रचार झोकात म्हणायच्या नादात साधी गोष्ट घसरते, ती अशी. पान्यापुढचं वाक्य आधी मनात जुळवून घ्या आणि मगच 'सॉरी' म्हणा.

तिने आणखी एक गोष्ट बरोबर केली. अडचण सांगून ती थांबली नाही, लगेच पर्याय पुढे ठेवला. नुसता पाना टाकून हात झटकणारा माणूस दोनदा सहन होतो, तिसऱ्यांदा त्याला बैठकीचं आमंत्रणच येत नाही.

आणि समोरच्याने पाना टाकला असेल तर? "यू हॅव थ्रोन अ स्पॅनर इन द वर्क्स" हे आरोपासारखं लागतं, मोडता घालणाऱ्या काकांसारखं. माणसाला कर्ता न करता गोष्टीला करा: "दॅट्स थ्रोन अ बिट ऑफ अ स्पॅनर इन द वर्क्स." 'अ बिट ऑफ अ' हे चार शब्द म्हणजे तिखटावरचं तूप. अडचण केवढीही मोठी असो, इंग्रज माणूस ते ओततोच.

पायरी ५: कुठे वापरायचा नाही

या वाक्प्रचारात किंचित हसू आहे. पाना, खाडकन आवाज, तेलकट हात. म्हणून जिथे हसू चालत नाही तिथे तो नको.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाबद्दल कुणा इंग्रज सहकाऱ्याला सांगताना, पावसाने आमच्या बेतात पाना टाकला असं म्हणाल तर तो चपापेल. त्या पावसात शेकडो माणसं गेली. आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, घटस्फोट, इथे साधे शब्द वापरा. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलताना तर नक्कीच.

व्हिसाचा अर्ज, करारपत्र, तक्रारीचं औपचारिक पत्र यांतही नको. तिथे 'डिले' पुरे. सहकाऱ्याला ईमेल, चॅटवरचा निरोप, घरमालकाशी फोन, शाळेच्या दारात इतर पालकांशी गप्पा, इथे खुशाल वापरा.

पायरी ६: समुद्रापलीकडे

अमेरिकन माणसाशी बोलताना स्पॅनरच्या जागी रेंच. 'थ्रो अ रेंच इन द वर्क्स' किंवा 'मंकी रेंच'. कित्येकदा ते 'वर्क्स' गाळून 'थ्रो अ रेंच इन द प्लॅन्स'ही म्हणतात. स्पॅनर म्हणालात तरी त्यांना कळतं, फक्त तुम्ही ब्रिटिश मालिका फार बघता असं वाटतं.

अमेरिकेचाच 'रेन चेक' मात्र वेगळा, दोघांची गल्लत करू नका. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला की पुन्हा येण्यासाठी प्रेक्षकांना चिठ्ठी मिळायची, एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. आज कुणी "कॅन आय टेक अ रेन चेक?" म्हणालं तर बाहेर लख्ख ऊन असलं तरी बुचकळ्यात पडू नका. आज जमत नाही, पुन्हा कधीतरी बोलव, इतकंच ते.

पायरी ७: आठवडाभराचा सराव

पहिले तीन दिवस फक्त ऐका. ऑफिसात, रेडिओवर, कॉलवर. ऐकू आला की पाना कुणी टाकला आणि कोणतं यंत्र अडकलं, एवढंच मनात नोंदवा.

मग स्वतःच्या आयुष्यातली तीन खरी वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत. माझी तेव्हाची अशी होती: बॉयलर बिघडल्यामुळे पाहुण्यांचा बेत अडला, रेल्वेच्या संपामुळे मँचेस्टरची मुलाखत पुढे गेली, आणि बहिणीच्या लग्नाची तारीख बदलल्याने काढून ठेवलेलं तिकीट वाया जायची वेळ आली. तिन्ही खरी, म्हणून आजही तोंडपाठ आहेत.

ती मोठ्याने म्हणा. जोर दोनच ठिकाणी: 'स्पॅ' आणि 'वऽक्स'. बाकीचं मध्ये भरभर वाहून जाऊ द्या. आरशासमोर लाज वाटत असेल तर आंघोळीच्या वेळी.

चौथं वाक्य खऱ्या माणसासमोर म्हणायचं. मी ते फोनवर बाबांसमोर म्हटलं. दिवाळीला येणार होतो आणि प्रोजेक्ट पुढे ढकलल्यामुळे रजाच मिळाली नव्हती. ते कसं सांगावं सुचेना, म्हणून म्हटलं, "बाबा, इकडे असं झालं की म्हणतात, चालत्या यंत्रात पाना पडला."

पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "कितीचा?"